उडी आपली, चेंडू दुसऱ्याचा

गुरुवारी संध्याकाळी सहाला आमच्या ओव्हलचे दिवे लागतात. जून म्हणजे इथला ऐन हिवाळा, सूर्य पाचच्या सुमारासच बुडालेला असतो. मेलबर्नच्या पश्चिमेला सगळा सपाट मुलूख, त्यामुळे खाडीवरून निघालेला वारा वाटेत कुठे अडत नाही, थेट कानात शिरतो. पायाखालच्या गवताचा लगदा झालेला. अशा वेळी शहाण्या माणसानं घरी बसून गरम पिठलं-भात खावा. मी मात्र छातीशी फोमची जाड ढाल धरून मैदानाच्या मधोमध उभा आहे आणि समोरून माझाच मुलगा, वय पंधरा, उंची सहा फूट तीन इंच, माझ्या छातीत गुडघा घालायला धावत येतोय.

"मागं सरकू नकोस," बाजूला उभे असलेले वस्ताद मला बजावतात. "तू सरकलास तर पोरगं हवेवर रेलायला शिकेल. सामन्यात तिथं हवा नसते, दुसरा उंच गडी असतो."

गुडघा बसतो. ढाल असूनही बरगड्या हलतात.

"कुठल्या पायावर उडाला?"

मला काय माहीत? मी डोळे मिटले होते.

"उजव्या," ते स्वतःच उत्तर देतात. "परत उजव्याच. पुन्हा."

वस्ताद हे नाव मी माझ्यापुरतं ठेवलंय. क्लबात सगळे त्यांना कोच म्हणतात. पण मी कोल्हापूरचा. तालमीच्या दारात उभं राहून, अंगाला हात न लावता, नुसत्या नजरेनं पोराचा पवित्रा दुरुस्त करणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. तीच नजर सहा फूट पाच इंचांवरून बघताना दिसली, तेव्हा दुसरा शब्द सुचलाच नाही.

फुटबॉल तर आमच्या पाचवीलाच पुजलेला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की त्या दिवशी पेठेत दुसरा विषय नसायचा. त्यामुळे चौदा वर्षांपूर्वी इथं आलो आणि ऑफिसात पहिल्याच आठवड्यात 'तुझी टीम कुठली' म्हणून विचारलं गेलं, तेव्हा मी खुशीत उत्तर द्यायला गेलो आणि तोंडावर पडलो. व्हिक्टोरिया राज्यात 'फूटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल आणि क्रिकेटच्या मैदानाएवढं, कारण उन्हाळ्यात तिथं क्रिकेटच खेळतात. बाजूला अठरा-अठरा गडी. वीस-वीस मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू थांबला की घड्याळही थांबतं, म्हणून प्रत्यक्षात प्रत्येक डाव त्याहून बराच लांबतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंतून लाथेनं चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातानं फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा, नाहीतर लाथ मारायची. ऑफसाइड नाही. पहिली दोन वर्षं मला ही मारामारीच वाटायची, मध्ये कुणीतरी चेंडू विसरून गेल्यासारखी.

समजायला लागलं ते रकमनकडे बघायला लागल्यावर.

आपल्या फुटबॉलमध्ये सुरुवातीला चेंडू कुणातरी एकाच्या पायाशी असतो. इथं तो कुणाचाच नसतो. दोन्ही संघांतला एकेक उंच माणूस, म्हणजे रकमन, मध्यभागी येतो, पंच दोघांच्या मध्ये चेंडू टाकतो आणि ते दोघं त्यासाठी हवेत झेपावतात. वरच्या पातळीवर पिढ्यान्‌पिढ्या पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उसळवत असे. लंबगोल चेंडू टोकावर आपटून सरळ वर घालवणं ही वेगळीच कला होती, आणि ती फसली की चेंडू वाकडा जाऊन एका रकमनची उडी फुकट जायची. 2026 च्या मोसमापासून ही प्रथा बंद करून चेंडू नुसता वर फेकायचा, असा निर्णय 2025 मध्ये झाला. आमच्या पोरांच्या सामन्यांत पंच तो आधीपासून वरच फेकतात. कसाही आला तरी रकमनचं काम तेच. तो झेलायचा नाही. दुसऱ्याच्या आधी त्याच्यापर्यंत पोचायचं आणि बोटांच्या पेरांनी तो खाली अशा जागी पाठवायचा, जिथं आपला बुटका, चपळ रोव्हर पुढच्या क्षणी असणार आहे.

सगळ्यांत उंच जाणारा माणूस, चेंडूला सगळ्यांत आधी शिवणारा माणूस, आणि चेंडू त्याचा नाही. एवढं उमगलं त्या दिवशी मला हा खेळ आवडायला लागला.

वस्तादांची कारकीर्द कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. सत्तरीच्या दशकात गावाकडच्या लीगमध्ये सुरुवात, मग शहरातल्या एका मोठ्या क्लबाच्या राखीव संघात तीन मोसम, वरच्या संघात एकदाही नाही. पुढे दुय्यम लीगमध्ये आठ वर्षं. शनिवारी सामना झाला की पाकिटात थोडे डॉलर मिळायचे, आणि सोमवारी पहाटे पुन्हा कामावर. पेशानं वायरमन. शिडी कमी लागायची, असं ते स्वतःच सांगतात. आता सत्तरीला टेकलेत. उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली, डावा गुडघा मूळचा असला तरी नावालाच. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. क्लबहाउसच्या पाच पायऱ्या ते उलटे उतरतात, कठड्याला धरून, शिडीवरून उतरावं तसे. पहिल्यांदा मी हात द्यायला गेलो तर म्हणाले, "हात नको, पुढं कुणी येत असेल तर सांग फक्त."

त्यांच्या शिकवण्यात उडी फार उशिरा येते. पहिले पाच आठवडे त्यांनी पोराला उडूच दिलं नाही. आधी पाय. उजव्या हातानं चेंडू टोलवणाऱ्यानं डाव्या पायावर उडायचं आणि उजवा गुडघा पुढं काढायचा. त्या गुडघ्यानं आपला कोथळा वाचतो आणि समोरचा दोन इंच मागं रेटला जातो. हेच दोन इंच महत्त्वाचे. आमचं ध्यान बास्केटबॉल खेळत वाढलेलं, त्याला उजव्या पायाची सवय. सवय मोडणं म्हणजे काय, हे त्या पाच आठवड्यांत मी बघितलं. घरात स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येतानासुद्धा तो डाव्या पायावर उडी मारून दाराच्या चौकटीला हात लावायचा. चौकटीचा रंग गेला. ही म्हणाली, घर विकताना हिशेब देशील का?

मग घड्याळ. रकमननं गोलाच्या दिशेनं तोंड केलंय असं धरायचं. समोर बारा, पाठीमागं सहा. रोव्हरनं डोळ्यांनी किंवा बोटांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं, चार, नाहीतर दहा. उडालेल्या माणसानं तो आकडा डोक्यात ठेवून, दुसऱ्याचा गुडघा पोटात असताना, न बघता चेंडू तिथं टाकायचा. जोरात मारलेला चेंडू रोव्हरला ओलांडून जातो, हळू टाकला तर समोरच्याचा रोव्हर मध्ये घुसतो. वस्ताद म्हणतात, चेंडू मारायचा नाही, ठेवायचा. टेबलावर बशी ठेवावी तसा.

मैदानात इतर ठिकाणी चेंडू अडला की तिथं धावत यायला जागा नसते. दोघं रकमन अंगाला अंग लावून उभे राहतात आणि पंच मधून चेंडू वर टाकतो. इथं ते मला पूर्णपणे कुस्तीत घेऊन गेले. कंबर समोरच्याच्या कंबरेपेक्षा खाली. वजन पुढच्या पायावर, पण सगळं नाही. कोपर वाकवून हाताचा मधला भाग त्याच्या छातीवर टेकवायचा, ढकलण्यासाठी नव्हे, तो कुठं हलतोय ते कळण्यासाठी. हात ताठ करून रोखलं की पंच शिट्टी मारतो. पाठीत हात घातला तरी शिट्टी. समोरच्यानं रेटा दिला की क्षणभर घ्यायचा आणि मग सोडायचा, म्हणजे तो स्वतःच्याच जोरानं पुढं सांडतो. खासबागेच्या मैदानात मी हेच शंभरदा पाहिलंय. मातीऐवजी चिखल, एवढाच फरक. हे मी त्यांना सांगितलं, मोबाईलवर कुस्तीचा एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा बघितला. नंतर म्हणाले, "डाव्या बाजूचा माणूस रकमन झाला असता. उजव्याला कंबरच नाही."

आणि सीमारेषेवरचं फेकणं. चेंडू बाहेर गेला की बरेचदा सीमेवरचा पंच मैदानाकडं पाठ करून, दोन्ही हातांनी डोक्यावरून मागं फेकतो. तो चेंडू नेमका कुठं पडेल हे त्यालाही माहीत नसतं. वस्ताद पोराला सांगतात, पंचाचे खांदे बघ. वाऱ्याच्या दिवशी खांदे कमी वळतात. चेंडूकडं तर सगळेच बघतात.

एका गुरुवारी मी उडून बघायचं ठरवलं. वय त्रेचाळीस, उंची पाच आठ. समोर क्लबाच्या वरच्या संघाचा एक हडकुळा पोरगा, चेंडू वर टाकायला वस्ताद. धावलो, उडालो, निदान माझी तशी समजूत होती. चेंडू माझ्या बोटांच्या बराच वर होता आणि त्या पोराचा गुडघा माझ्या उजव्या मांडीत. इथं त्याला कॉर्की म्हणतात, स्नायूवर बसलेला खोल मुका मार. तिसऱ्या दिवशी मांडी वांग्याच्या रंगाची झाली होती आणि लिफ्टमधून ऑफिसात जाताना लोक विचारत होते. अभिमानानं सांगितलं, रक. त्यांनी माझ्या उंचीकडं बघितलं आणि गप्प राहिले. त्या एका उडीत मला जे कळलं ते एवढंच, की वर असताना काही दिसत नाही. जमिनीवरून किती ऐटबाज दिसतं! वर फक्त दिव्यांचा उजेड, कुणाचा तरी श्वास आणि कुठून तरी येणारं हाड. एका सामन्यात मुख्य रकमन हे कित्येक डझन वेळा करतो. मधल्या वेळात तो धावतो.

धावण्याचा विषय निघाला की वस्ताद हमखास जिम स्टाइन्सवर येतात. त्यांच्या काळातला रकमन उडायचा, आपटायचा आणि मग पुढं गोलाशेजारी जाऊन दम खायचा. "आणि हा आयरिश, उडून झाल्यावर बुटक्यांबरोबर धावायचा. आम्ही हसायचो. मग थांबलो हसायचे."

स्टाइन्स डब्लिनचा. 1984 मध्ये डब्लिनच्या पोरांच्या संघानं गेलिक फुटबॉलचं अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं, त्यात तो होता. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू गोल, पण सुरुवात ओळखीची. पंच चेंडू टाकतो आणि मधले गडी त्यासाठी झेपावतात. मेलबर्न क्लबाचे रॉन बरासी त्या वेळी एक धाडसी प्रयोग करत होते. आयर्लंडमधली उंच, धावणारी पोरं आणायची आणि त्यांना हा खेळ शिकवायचा. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून स्टाइन्सनं अर्ज केला आणि त्याच वर्षाअखेर, अठराव्या वर्षी, तो मेलबर्नला उतरला. लंबगोल चेंडू जमिनीवर आपटून परत हातात घेणं इथलं पाच वर्षांचं पोर करतं. तो ते तिथून शिकला. आधी अंडर नाइन्टीन, मग दुय्यम लीगमध्ये प्रहरान, आणि 1987 मध्ये मेलबर्नचा वरचा संघ.

त्याच वर्षीची एक गोष्ट इथल्या चाळिशीपुढच्या कुणालाही विचारा. प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीचा सामना, वेव्हर्लीच्या मैदानावर, समोर हॉथॉर्न. मेलबर्न 1964 नंतर अंतिम सामन्यात पोचलंच नव्हतं. आता ते पुढं होते आणि काही सेकंद उरले होते. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला फ्री किक मिळाली, पण गोल लांब होता, त्याच्या टप्प्याच्या अगदी कडेवर. अशा वेळी लाथ मारणारा आणि त्याच्या समोर उभा राहणारा यांच्यामधून कुणी जायचं नसतं. स्टाइन्स आपल्या माणसाच्या मागं धावत नेमका तिथून गेला. पंचानं पंधरा मीटरचा दंड दिला. सामना संपल्याचा सायरन वाजल्यावर बकनारानं त्या पंधरा मीटर पुढून लाथ मारली, चेंडू मधल्या खांबांतून गेला आणि मेलबर्न दोन गुणांनी हरलं. ड्रेसिंगरूममध्ये प्रशिक्षक जॉन नॉर्दी त्या एकवीस वर्षांच्या पोरावर कडाडतायत, हे चित्रण आजही दाखवतात.

मला त्याच्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या मोसमात सुरू झालेली त्याची सलग सामन्यांची मालिका 1998 पर्यंत तुटली नाही. 244 सामने, एकही न चुकता. पंचवीसहून अधिक वर्षं तो विक्रम कुणाला मोडता आला नाही. इतर कुठल्या जागेवर खेळणाऱ्यानं हे केलं असतं तर मी 'वा' म्हणून पुढं गेलो असतो. पण रकमननं? दर आठवड्याला आपल्याएवढ्याच माणसाशी ठरवून, वेळ लावून, आमनेसामने हवेत धडकणाऱ्यानं? मोडक्या बरगड्या घेऊन तो खेळला. शेवटी हाताचं हाड मोडलं तेव्हा मालिका थांबली, आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला, एकूण 264 सामने.

1991 मध्ये त्याला मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळालं. हे पदक प्रेक्षक देत नाहीत, पत्रकार देत नाहीत. प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे पंच तीन, दोन, एक अशी मतं देतात. मला यात गंमत वाटते. साऱ्या मैदानात रकमनचं काम हाताच्या अंतरावरून बघणारा माणूस पंचच असतो. पुढच्याच वर्षी फुट्सक्रेचा रकमन स्कॉट विंड जिंकला. त्यानंतर हे पदक बहुतेक वेळा चेंडू उचलून पळणाऱ्या मधल्या फळीकडं जात राहिलंय. वस्तादांचा यावर राग आहे. "बशी आम्ही ठेवायची आणि ढेकर त्यांनी द्यायचा."

अंतिम सामन्यात स्टाइन्स एकदाच पोचला, 1988 मध्ये, आणि त्याच हॉथॉर्नकडून 96 गुणांनी धुतला गेला. खेळत असतानाच, 1994 मध्ये, पॉल करी या चित्रपट दिग्दर्शकाबरोबर त्यानं कुमारवयीन मुलांसाठी 'रीच' ही संस्था काढली. 2008 मध्ये कर्जात बुडालेल्या मेलबर्न क्लबाचं अध्यक्षपद घेतलं. वर्षभरात कर्करोगाचं निदान झालं, तरी तो लगेच पायउतार झाला नाही. काही दशलक्ष डॉलरचं कर्ज फिटलं तेव्हा त्याच्या डोक्यावर शस्त्रक्रियांच्या खुणा होत्या. 20 मार्च 2012 ला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये सरकारी इतमामानं अंत्यविधी झाला. त्या वेळी मी मेलबर्नमध्ये नवा होतो, फ्लिंडर्स स्ट्रीटवरची गर्दी बघून विचारलं, कुणी मंत्री गेला का? शेजारी उभी असलेली बाई माझ्याकडं बघतच राहिली.

मेलबर्ननं शेवटी 2021 मध्ये अजिंक्यपद जिंकलं, 57 वर्षांनी. कर्णधार मॅक्स गॉन. जागा, रकमन.

या कामाची किंमत अंगातून वसूल होते, आणि वसुलीची जागा ठरलेली असते. पूर्वी मध्यभागी रकमन लांबून पळत यायचे. दोघं वेगात एकमेकांवर, गुडघे पुढं. समोरच्याचा गुडघा नडगीच्या वरच्या टोकावर बसला की सांध्याच्या आत पाठीमागं असलेला लिगामेंट तुटायचा. एकामागून एक रकमन याच दुखापतीनं बाहेर बसायला लागले, तेव्हा 2005 मध्ये मध्यभागी दहा मीटर व्यासाचं बाहेरचं वर्तुळ आखलं गेलं. धाव त्याच्या आतूनच सुरू करायची. दुखापती कमी झाल्या. खडूची एक रेघ! आमच्या ओव्हलवर दर शनिवारी सकाळी रेघा मारायचं यंत्र वस्ताद स्वतः ढकलतात, आणि त्या वर्तुळावर चुना दोनदा घालतात. "आमच्या वेळी ही रेघ नव्हती," असं म्हणून डाव्या गुडघ्याकडं बोट करतात. यापेक्षा जास्त ते बोलत नाहीत.

डोक्याबद्दल तर अजिबात नाही. ते मीच वाचलं. ग्रॅहॅम फार्मर, सगळे त्याला पॉली म्हणत. नूंगर आदिवासी, पर्थच्या सिस्टर केट्स अनाथालयात वाढलेला, पोलिओमुळं एक पाय आखूड. 1962 मध्ये जिलाँगकडून खेळायला आला, पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, आणि पुढच्या वर्षी संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. मुठीनं चेंडू ठोसणं हा तोवर अडचणीतून सुटायचा मार्ग होता. त्यानं त्याचं अस्त्र केलं. गाडीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार घालवायचा सराव करायचा, असं सांगतात. पर्थमध्ये एका मोठ्या महामार्गाला त्याचं नाव आहे. 2019 मध्ये तो वारला, आणि पुढच्या वर्षी जाहीर झालं की त्याच्या मेंदूत सीटीई सापडला. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा हा आजार मृत्यूनंतर मेंदू तपासूनच पक्का कळतो. या खेळातला, निदान झालेला तो पहिला खेळाडू.

वस्ताद अधूनमधून एकच प्रश्न दोनदा विचारतात. ती शिकवायची पद्धत आहे की दुसरं काही, हे मला ठरवता येत नाही. पोरगं न कुरकुरता दोन्ही वेळा उत्तर देतं.

आणि तरी मी दर गुरुवारी ढाल धरून उभा राहतो. का, याचं चोख उत्तर माझ्याकडं नाही. हिनं एकदा स्वयंपाक करता करता विचारलं, डोक्याला लागलं तर? मी लीगचे नियम सांगितले, धक्का बसला की सक्तीची विश्रांती, डॉक्टरची परवानगी. तिनं पोळी उलटली आणि म्हणाली, नियम विचारले नव्हते.

रविवारचा सामना. पालकांपैकी कुणीतरी गोल अंपायर व्हायचं असतं, या आठवड्यात पाळी माझी. पांढरा कोट, दोन पांढरे झेंडे. गोल झाला की दोन्ही हातांची बोटं पुढं करायची आणि दोन्ही झेंडे फिरवायचे. एक गुण असेल तर एकच. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. वस्ताद खांबांच्या मागं, माझ्यापासून दहा पावलांवर, घडीच्या खुर्चीत. ते नेहमी गोलामागंच बसतात. तिथून रकमनची रेषा सरळ दिसते.

समोरचा रकमन आमच्यापेक्षा बुटका, पण दांडगा. पहिल्या दोन डावांत त्यानं आमच्या पोराला नुसतं अंगानं खाल्लं. तिसऱ्यात पाऊस आला, चेंडू साबणासारखा झाला, दोघंही हवेत नुसते हात मारत राहिले. चौथ्या डावात सात-आठ मिनिटं उरली होती. मध्यभागी पंचानं चेंडू वर टाकला. इतक्या लांबून मला काय दिसलं? एक उंच आकृती वर गेली, हात थोडासा वाकला, आणि चेंडू चारच्या काट्यावर खाली ठेवल्यासारखा आला. तिथं आमचा पाच फूट तीन इंचांचा रोव्हर आधीच धावत होता. तो दोघांना चुकवून निघाला, एकदा चेंडू आपटला, लाथ मारली. चेंडू माझ्या डोक्यावरून, मधल्या खांबांच्या बरोबर मधून गेला.

मी दोन बोटं पुढं केली. दोन्ही झेंडे फिरवले. चेहरा दगडाचा.

सगळी पोरं रोव्हरवर कोसळली. कुणी त्याला उचललं, कुणी डोक्यावरून हात फिरवला. कुंपणाच्या पलीकडं त्याची आई नाचत होती.

"कुठल्या पायावर उडाला?" मागून आवाज आला.

गोल अंपायरनं बोलायचं नसतं. मी मान वळवली नाही.

"डाव्या," वस्ताद म्हणाले. आणि थोड्या वेळानं पुन्हा, "कुठल्या पायावर उडाला?"

"डाव्या," मी ओठ न हलवता म्हणालो.

गोल झाला की चेंडू परत मध्यभागी जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तिकडं, घोळक्यापासून ऐंशी मीटरवर, आमचं पोरगं एकटंच उभं होतं. चिखलानं भरलेले हात त्यानं चड्डीला पुसले, पुसले गेले नाहीत म्हणून मोज्यांना पुसले. चुन्याच्या दुहेरी रेघेच्या आत येऊन डावा पाय मागं घेतला, आणि पंच चेंडू घेऊन यायची वाट बघत राहिलं.